वासूकाकांचं नाक

वासूकाकांचं खरं नाव वासुदेव नव्हतं. ते काय होतं हे टेक्सासमधल्या आमच्या अर्विंगच्या मराठी मंडळात निम्म्या लोकांना ठाऊकच नव्हतं, आणि ज्यांना ठाऊक होतं तेही वापरत नसत. वास घेतात म्हणून वासूकाका. कुणाच्याही घरात शिरले की चपला काढायच्या आधी नाक वर जायचं, दोनदा हुंगायचे आणि निकाल द्यायचे. "फोडणी जळली होती. ही दुसऱ्यांदा केलेली आहे." "सिंकखाली पाइप गळून राहिला, कुबट येतंय." "लेकीला ताप येऊन गेला ना?" यातलं एकही चुकायचं नाही, हाच तर वैताग. ते जेवायला येणार म्हटलं की बायका सकाळपासून खिडक्या उघड्या टाकायच्या, आणि काका आल्या आल्या विचारायचे, "काय लपवून राहिल्या?"

मलाही त्यांनी पहिल्याच दिवशी पकडलं. मी नागपूरहून सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या नोकरीवर इथे आले, तेव्हा काका आणि मंदाकाकूंच्या घरातली मागची खोली मला राहायला मिळाली. पहिल्या संध्याकाळी पार्किंगमध्ये गाडीच्या आड उभी राहून दोन सिगारेटी ओढल्या, वर बडीशेप चघळली, अंगावर परफ्यूम मारला आणि साळसूदपणे आत आले. काकांनी टीव्हीवरची नजरही काढली नाही. "दोन," म्हणाले. "वरून बडीशेप. आणि हे फुलांचं पाणी मारून आलीस, त्यानं माझं डोकं उठलं. प्रज्ञे, ओढ नाहीतर नको ओढू. पण मला फसवायला जाऊ नको, मग मी फार वाईट माणूस आहे." सिगारेट मी काही सोडली नाही. लपवणं सोडलं.

आणि वाईट होतेच ते. राग नाकावर, आणि हात रागाच्याही पुढे. देशी दुकानातून आणलेलं शेंगदाण्याचं तेल खवट निघालं, तर उघडा डबा तसाच मागच्या अंगणात भिरकावला; त्या जागेवर पुढचा उन्हाळाभर गवत उगवलं नाही. मायक्रोवेव्हचं दार बुक्कीनं फोडलेलं मी स्वतः पाहिलंय, का तर आत कुणीतरी प्लास्टिकचा डबा गरम केला होता. तो कुणीतरी म्हणजे मीच. काकूंवर मात्र त्यांनी कधी हात उचलला नाही. उचलला असता तर काकूंनी तोच हात मोडून त्यांच्या गळ्यात बांधला असता.

आमच्या पिकनिकचा किस्सा जुन्या लोकांना आठवत असेल. ऑगस्टमधलं टेक्सासचं ऊन. एका नवख्या गृहस्थानं झोपलेल्या मुलीला 'पाच मिनिटांसाठी' गाडीत बंद करून ठेवलं होतं. काकांनी कोपरानं काच फोडली, पोरीला बाहेर काढून काकूंच्या हातात दिलं, आणि मग त्या बापाच्या अशी कानाखाली काढली की तो सरळ भज्यांच्या ट्रेवर जाऊन पडला. पोलीस आले. काकांच्या कोपरातून रक्त ठिबकतंय आणि ते ऑफिसरला समजावून सांगतायत, "फर्स्ट आय ब्रेक ग्लास, देन आय ब्रेक हिम. राइट ऑर्डर, सर." ऑफिसरला हसू आवरेना. त्या बापानं तक्रार केली नाही, आणि पुढे तोच काकांना दर दिवाळीला फोन करायचा.

काका विमानं दुरुस्त करायचे. तरुणपणी हवाई दलात इंजिनं उघडायला शिकले, इथे येऊन मेकॅनिकचं लायसन्स काढलं आणि एका छोट्या विमान कंपनीच्या हँगरमध्ये सकाळच्या शिफ्टला लागले. आपण कशात बसतो हे त्यांनी आम्हाला जेवणाच्या टेबलावर समजावलं होतं. "तुम्ही वर बसून जी हवा घेता नं, ती इंजिनातून येते. इंजिनात तेल असते, तेल अडवायला सील असते. सील झिजलं की तेलाची वाफ हवेत. पहिले घाणेरड्या मोज्यांचा वास येते. मग डोकं दुखते. मग हात जड होतात. पायलटचे हात जड झाले, की मग मागे बसलेले सगळे गेले." एवढं बोलून त्यांनी भाताचा पुढचा घास घेतला होता. मी मात्र त्या वर्षी सुट्टीला डेनव्हरला बारा तास ड्राइव्ह करून गेले.

हा वास ओळखायला त्यांच्या विमानांत कुठलंही यंत्र नव्हतं. पायलटला वास आला तर तो वहीत लिहायचा. मग मेकॅनिकनं जमिनीवर इंजिन चालवायचं, केबिनमध्ये बसून हुंगायचं, आणि वास नसेल तर तसं लिहून सही करायची. सही झाली की विमान सुटलं. आता गोऱ्यांची पंचाईत अशी, की त्यांच्याकडे वासाला शब्द नाहीत. एक 'बॅड' आणि एक 'फनी'. काकांनी हँगरला मराठी शिकवलं. कुबट म्हणजे कुठेतरी पाणी साचलंय. करपट म्हणजे वायर. खवट म्हणजे तेल. पहिले दोन शब्द त्यांच्या जिभेला झेपले नाहीत, तिसरा झेपला. फॅमिली डेला मी गेले होते, तेव्हा माझ्या कानांनी ऐकलं: रॉय नावाचा उंच फोरमन वॉकीटॉकीवर विचारतोय, "वासू, कावट?" आणि विमानातून काकांचा आवाज, "नो कावट." रॉयनं कागदावर खूण केली. मी पोट धरधरून हसले, आणि खरं सांगते, छाती फुगली माझी.

ही इज्जत काकांना फुकट मिळाली नव्हती. रॉय नवा होता तेव्हा एका सकाळी काका म्हणाले खवट आहे, आणि रॉय म्हणाला मला तर काहीच येत नाही, पॅसेंजर खोळंबलेत, सही कर. काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी त्या सहा फुटी माणसाची मानगूट धरली, कॉकपिटमध्ये जिथून हवा येते तिथे त्याचं तोंड दाबलं आणि इंजिन चालू असेपर्यंत सोडलं नाही. "स्मेल! स्मेल, साल्या!" रॉयचा ओठ फाटला, एक दात हलला, आणि काकांना दोन आठवडे घरी बसवलं. चौथ्या दिवशी इंजिन उघडलं तर सील चिरलेलं. रॉय सुजलेल्या ओठानं स्वतः घरी आला, काकूंनी त्याला सावजी मटण वाढलं, आणि तो नाकातोंडातून पाणी गाळत सॉरी सॉरी म्हणत तीन वाट्या जेवला. त्या दिवसापासून रॉयनं स्वतः हुंगणं सोडून दिलं.

मग ती साथ आली. काका चार दिवस तापले, खोकले आणि उठले. नाक मात्र उठलं नाही. आम्हाला कुणाला काही कळलं नाही, कारण त्यांनी कळू दिलं नाही. पूर्वी दारातच निकाल लागायचा, आता नुसतं म्हणायचे, "छान वास येऊन राहिला." वासूकाका छान म्हणाले, यातच आम्ही काय ते समजायला हवं होतं. रविवारच्या बुद्धवंदनेला पूर्वी एका उदबत्तीवर दुसरी लावू द्यायचे नाहीत. आता चार पेटवल्या तरी शांत बसून असायचे. लोक म्हणाले, वयानं निवळले. मीही तेच म्हणाले.

काकू आईच्या आजारपणासाठी नागपूरला गेल्या होत्या. मी तोवर जवळच्या अपार्टमेंटमध्ये राहायला गेले होते. एका शनिवारी दुपारी काकांसाठी डबा घेऊन गेले, दार उघडलं, तर स्वयंपाकघर धुरानं भरलेलं. कुकरमधल्या डाळीचा कोळसा झालेला, झाकणाची रबरी रिंग वितळून ओघळलेली, आणि काका तिकडे पाठ करून दहा पावलांवर क्रिकेट बघत बसलेले. स्मोक अलार्मची बॅटरी त्यांनी वर्षांपूर्वीच काढून टाकली होती. मी किंचाळले. त्यांनी वळून आधी धुराकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि माझ्या लक्षात आलंय हे त्यांच्या लक्षात आलं.

पुढचं सगळं मिनिटभरात झालं. त्यांनी तो तापलेला कुकर उघड्या हातांनी उचलला आणि मागच्या काचेच्या दारावर फेकून मारला. काच खळकन फुटून खाली आली. मग माझं मनगट धरलं. "कोणाला सांगशील तर बघ." मी काय ऐकणारी आहे? मी ओरडले, "काका, तुम्ही विमानं सोडता! सही करता तुम्ही!" त्यांनी मला थोबाडीत मारली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. माझा चष्मा उडून काचांत पडला, आणि तो उचलायला म्हणून काका वाकले ते तिथेच खाली बसले. "त्या हँगरमध्ये माणसं मला नाकानं ओळखतात, प्रज्ञे. नाक नाही म्हटल्यावर मी कोण गं?" डॉक्टर म्हणतो नाक परत येईल, म्हणाले. तोवर डोळ्यांनी पाहीन, प्रत्येक सील दोनदा पाहीन. मी त्यांचे भाजलेले हात नळाखाली धरले आणि शब्द दिला, कुणाला बोलणार नाही. माझा गाल तेव्हाही हुळहुळत होता. तरी दिला. त्यांच्यावर माझा फार जीव होता, आणि जीव असलेल्या माणसाची तक्रार करायची म्हणजे काय करायचं, हे मला कळत नव्हतं.

पाच महिन्यांनी, मंगळवारी, ऑफिसच्या कॅफेटेरियात टीव्हीवर धूर दिसला. शेवटी उरलेली शेपटी आणि तिच्यावरचा रंग मी ओळखला. पायलटचं रेडिओवरचं बोलणं दोन दिवसांत सगळ्या चॅनलवर वाजलं. कंट्रोलर एक उंची सांगतोय आणि पायलट भलतेच आकडे परत म्हणतोय, दारू प्यायल्यासारखी जीभ जड. मग नुसता श्वास. मग दुसऱ्या पायलटचा एकच शब्द, "मास्क," आणि तोही अर्धा. उतरायला आलेलं विमान कोणी धरायला नसल्यासारखं कपाशीच्या शेतात घुसलं, फुटलं आणि पेटलं. शेतकऱ्यानं सांगितलं, पाव मैलावर पंप झाकला होता त्या पत्र्यावर एक हात येऊन पडला. आत किती माणसं होती ते मी इथे लिहीत नाही, तुम्हाला माहीत आहे. त्या सकाळी आधीच्या पायलटनं वहीत लिहिलं होतं, घाणेरड्या मोज्यांचा वास. काकांनी इंजिन चालवलं, केबिनमध्ये वीस मिनिटं बसले. रॉयनं विचारलं, कावट? काका म्हणाले, नो कावट.

दोन दिवसांनी काकांना आणि रॉयला तुकडे ओळखायला त्या शेतात नेलं. तिथलं काकांनी मला नंतर सांगितलं. ऊन रणरणतं, माणसं अजून पुरती गोळा व्हायची होती, आणि प्रत्येकानं नाकाखाली बाम चोपडून वर मास्क लावलेला. तरी रॉय दोनदा ओकला. एक पोलीस गुडघ्यांवर बसून ओकत होता. काका मास्क न लावता, इंजिनाचा तुकडा हातात धरून उभे. रॉयला वाटलं, काय छाती आहे या माणसाची. तसं तो म्हणालाही, "वासू, हाउ डू यू स्टँड इट?" काका मला म्हणाले, "मेलेल्या माणसांचाही वास नाही आला, प्रज्ञे. माझ्या पायाजवळ कोणाचं तरी खांद्यापासून तुटलेलं होतं. मला गवताचासुद्धा वास नाही आला."

त्याच दुपारी काकूंचा फोन आला. "लवकर ये, हे मरतील." काका गॅरेजमध्ये होते. लोखंडी टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून त्यावर तोंड आपटत होते. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, आणि त्यानंतरही ते थांबले नाहीत. मी मागून मिठी मारली, त्यांनी मला झटकलं, मी शेल्फवर जाऊन आदळले आणि खिळ्यांचे डबे अंगावर सांडले. "याला काय करू? हे कशाला ठेवू?" ओरडत होते, रक्ताच्या गुळण्यांतून. शेवटी काकूंनी बादलीभर पाणी त्यांच्या डोक्यावर ओतलं आणि त्यांच्याहून मोठ्यानं ओरडल्या, "बास!" तेव्हा थांबले. काकू पदरानं, म्हणजे त्या दिवशी टी-शर्टच्या टोकानं, त्यांचं तोंड पुसत राहिल्या.

पुढचा प्रश्न साधा होता. जबाब द्यायला जायचं होतं, तिथे खरं सांगायचं की नाही? काकू म्हणाल्या, "अहो, वहीत लिहिलंय 'वास आढळला नाही'. तुम्हाला आढळला नाहीच. त्यात खोटं काय? तुम्ही बोलला नाहीत तर कुणाला कळणार आहे?" आणि लाज वाटते सांगायला, मी म्हणाले, काकूंचं बरोबर आहे. माझं ग्रीन कार्ड अडकलेलं होतं. कोणाला माहीत होतं असं विचारलं, तर पुढचं नाव माझंच होतं.

काकांच्या नाकावर प्लास्टर होतं, आवाज बंद खोलीतून आल्यासारखा यायचा. पण ओरडले नाहीत. "मंदे, सील तर त्यांना सापडेल. पण रॉय सांगेल, जमिनीवर वास नव्हता, वासूनं हुंगलं होतं. म्हणजे हे सील वास न देता फुटते, असं लिहून मोकळे होतील. तशी पाच विमानं अजून उडून राहिली. उद्या एखादा पायलट लिहील मोजे, आणि हे म्हणतील, वासूलाही नव्हता आला, सोड." काकू उठून चहा टाकायला गेल्या आणि तिथेच ओट्याला धरून रडल्या.

काकांचे डोळे सुजून अर्धे मिटले होते, म्हणून गाडी मी चालवली. सोबत एक माणूस नेता येत होता. वकील नको म्हणाले, मला नेलं. टेबलापलीकडे दोन सरकारी अधिकारी, मध्ये रेकॉर्डर. काकांनी पहिल्या प्रश्नाचीही वाट पाहिली नाही. "माय नोज इज डेड. आय स्मेल्ड नथिंग बिकॉज आय कॅन स्मेल नथिंग. आय साइन्ड. चेक द अदर फाइव्ह, टुडे, प्लीज." त्यातला एक ताडकन उठून फोन करायला बाहेर गेला. दुसरीनं विचारलं, किती दिवस? काकांनी सांगितलं. मग तिनं विचारलं, आणखी कोणाला माहीत होतं? "नोबडी." तुमच्या पत्नीला? "नोबडी, मॅडम." त्यांनी माझ्याकडे मानसुद्धा वळवली नाही. मी समोरच्या पाण्याच्या बाटलीवरचं लेबल वाचत बसले.

बाहेर पार्किंगमध्ये रॉय आपल्या जबाबाची वाट पाहत उभा होता. काका सरळ त्याच्याकडे गेले आणि तीन वाक्यांत सगळं सांगितलं. रॉयला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि त्यानं मारलं. पहिली बुक्की प्लास्टरवर. काकांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि मला मराठीत दरडावलं, "मध्ये येशील तर याद राख." दुसरी, तिसरी. काका खाली पडले, तरी हात मागेच. रॉय रडत होता आणि लाथा घालत होता, बरगडीत, मांडीवर, शेवटी दोन गार्ड धावत आले आणि त्यांनी त्याला ओढून धरलं. तिथूनच, धापा टाकत, त्यानं माझ्याकडे पाहिलं. "अँड यू? डिड यू नो?"

मी मान हलवली. "नो," म्हणाले. अगदी स्पष्ट.

घरी येताना काका मागच्या सीटवर आडवे होते, माझी ओढणी तोंडावर दाबून. तिथूनच म्हणाले, "रॉयशी खोटं बोललीस."

"हो."

"काऊन?"

"भीती वाटली, काका."

"मलाही तीच वाटली होती. ताप उतरल्यापासून." त्यानंतर त्या विषयावर ते माझ्याशी कधीही बोलले नाहीत.

त्याच दिवशी ती पाचही विमानं खाली उतरवली, आणि त्यातल्या दोन विमानांची सीलं झिजलेली निघाली. ही गोष्ट काकांच्या बाजूनं सांगणारं मंडळात कोणी नव्हतं, म्हणून मी इथे सांगते. लायसन्स गेलं. आपल्यापैकी बहुतेकांनी त्यांच्या घरी जाणं सोडलं. ज्यांनी सोडलं नाही त्यांची नावं घ्यायला एका हाताची बोटं पुरतात. त्या वर्षअखेरीस काका-काकू नागपूरला परतले. मी दोनदा जाऊन आले. नाक आलं नाही. काकू भाजी निवडताना जुडी त्यांच्यापुढे धरायच्या, ते हुंगायचे आणि मान हलवायचे, हे रोज. गेल्या महिन्यात दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत.

मंडळानं मला सांगितलं, तू त्यांच्या घरात राहिलीस, चार चांगल्या आठवणी लिहून दे. त्या लिहिल्या. त्यांचा हात किती वाईट होता तेही लिहिलं, कारण ती थोबाडीतसुद्धा मला आज हवीशी वाटते, इतकी मला त्यांची आठवण येते. पण 'वासूनं माणसं मारली' असं इथे जे अजून म्हणतात, त्यांनी पुढचंही वाचावं. त्या पाच महिन्यांत मी रोज ऑफिसला गेले, जेवले, झोपले. त्या हँगरचा फोन नंबर माझ्या मोबाइलमध्ये होता.

हे लिहायला बसण्याआधी मी रॉयला पत्र टाकलं. इंग्रजीत, दोनच ओळींचं. तू पार्किंगमध्ये विचारलंस तेव्हा मी नाही म्हणाले. मला माहीत होतं.